धर गं

माळीवाड्याच्या वेशीतून रिक्षा आत घातली आणि गणपतीच्या देवळासमोर येताच रिक्षावाल्यानं हँडलवरचे दोन्ही हात काढले, छातीशी जोडले, मान तुकवली आणि परत हँडल धरलं. झालं एवढंच. रिक्षा जराशी डावीकडं ओढली गेली, एका सायकलवाल्यानं शिवी हासडली आणि सगळं पुन्हा सुरळीत चालू झालं. पण माझा उजवा हात माझ्या नकळत पुढं गेला होता आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला जाऊन लागला होता. तो दचकला, म्हणाला, मावशी, भ्या वाटलं व्हय, रोजचंच हाय आपलं. मी हात मागं घेतला आणि पर्समध्ये उगाचच काहीतरी शोधायला लागले. भीती कसली वाटतेय! मला कळलं होतं. वर्ष उलटून गेलं तरी जे डोक्यात शिरत नव्हतं, ते ह्या केडगावच्या रिक्षावाल्यानं एका नमस्कारात दाखवून दिलं होतं. हे झोपले नव्हते. मोबाईलवर बोलत नव्हते. ह्यांनी म्हसोबाला हात जोडले होते.

मी निघाले होते ग्राहक आयोगात. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, तोंडात अजून नगरच येतं, तर नगरच्या ग्राहक आयोगात आज माझी उलटतपासणी होती. एरवी तिथं सगळं कागदावर चालतं म्हणे, पण गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या वकिलानं अर्ज करून मला उभं करायची परवानगी मिळवली. तक्रार आम्ही केली होती. आम्ही म्हणजे आदिनाथनं, माझ्या मुलानं. मी नुसत्या सह्या केल्या. ह्यांची गाडी बेलापूरच्या रस्त्यावर, तिन्हीसांजेला, उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली आणि हे गेले. ट्रॉलीला दिवा नव्हता. पण गाडी साधीसुधी नव्हती. समोर काही आलं की आपणहून ब्रेक मारणारी, रस्त्यावरच्या पट्ट्या बघून स्टिअरिंग आपलं आपण सांभाळणारी, अशी होती. तिनं ब्रेक मारला नाही. आदिनाथचं म्हणणं, मग हा दोष कंपनीचा. कंपनीनं जबाब दिला की ही नुसती मदत आहे, गाडी चालवणं हे चालवणाऱ्याचंच काम. आणि धडकेच्या आधी स्टिअरिंगवर हातच नव्हते, हे गाडीत आपोआप नोंदलं गेलेलं आहे. चालक झोपला असावा किंवा मोबाईल वापरत असावा. हा जबाब आदिनाथनं पुण्याहून फोनवर मला वाचून दाखवला. इंग्रजी होता, तो थांबून थांबून मराठी करत होता, आणि 'झोपला असावा'पाशी आल्यावर त्याचा आवाज फाटला. मी म्हणाले, वाच पुढं. आणि मनात म्हणाले, झोपलेच असतील. जेवून दुपारची झोप नाही मिळाली की संध्याकाळी डुलक्या काढायची सवयच ह्यांची. एवढं वय झालं, जिवाची काळजी म्हणून नाही माणसाला. खरं सांगायचं तर ते वर्ष मी रडण्यापेक्षा ह्यांच्यावर रागावण्यात जास्त घालवलं. भांडायला माणूस समोर नसलं की भांडण संपतच नाही, हे मला आधी माहीत नव्हतं.

राहुरी फॅक्टरीवरून आत वळलं की पुढं पाटाची एक मोरी, छोटा पूलच, लागते. मोरीच्या कठड्याला टेकून म्हसोबा आहे. देऊळ नाही, ओटा नाही, शेंदूर फासलेला एक धोंडा आणि वर कडुनिंब. माझ्या सासरच्यांचा, बेलापूरकरांचा, तो वाटेवरचा देव. माझं माहेर भिंगारचं. वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन कारकून, आमच्याकडं देव म्हणजे देव्हाऱ्यात बसलेले, घासूनपुसून चकचकीत. रस्त्याच्या देवाला चालत्या गाडीतून नमस्कार करायचा हे मी सासरी येऊन बघितलं. आणि तो दोन्ही हातांनी. एका हातानं नाही. सासूबाईंचं, रंगुबाईंचं, ह्या बाबतीत एक ठरलेलं वाक्य होतं. "देवाला येक हात दावायचा न्हाई. भिकाऱ्याला वाढायचं तरी आपन दोनी हातानं वाढतो." त्यांचा हा लेक दहा बाबतीत आईचं ऐकत नव्हता, पण ह्या एका बाबतीत काडीचा फरक नाही. स्कूटर होती तेव्हा मोरी जवळ आली की हे म्हणायचे, धर गं. मी मागून दोन्ही काखांखालून हात घालून हँडल पकडायची, हनुवटी ह्यांच्या खांद्यावर, आणि हे निवांत हात जोडायचे. बघणाऱ्याला वाटायचं, काय बाई हे प्रेम भररस्त्यात! पहिल्या वेळी मी लाजेनं मेले होते. शर्टाला इस्त्रीचा आणि खडूचा वास यायचा. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर कंपासशिवाय गोल काढायचे आणि तो गोल निघायचा. मग पुढं जुनी मारुती घेतली, तिच्यात मी डाव्या सीटवर. धर गं म्हटलं की मी उजवा हात लांबवायची, स्टिअरिंग धरायची आणि म्हणायची, धरलं. धरलं म्हटल्याशिवाय हे हात सोडायचे नाहीत. दर पंधरवड्याला शेतीवर खेप, कधी दोघं, कधी आदिनाथ मागच्या सीटवर पाय हलवत. धर गं. धरलं. आमच्या संसारात भांडणाशिवाय पूर्ण होणारं एवढं एकच बोलणं होतं असं मी थट्टेनं म्हणायची. मी विचारायची, काय मागता हो त्या धोंड्याकडं एवढं. हे म्हणायचे, तुझ्या हाताला बळ मागतो.

मग ही नवी आली. आदिनाथनं घेऊन दिली, बाबांचं वय झालंय, जुन्या गाडीत जिवाची खात्री नाही म्हणून. चांगल्या मनानंच दिली. मी तिला सवत म्हणायची. पट्ट्यांवरून जरा इकडंतिकडं झालं की टिंगटिंग करायची, पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की टिंगटिंग करायची. मी म्हणाले, जन्मभर मी तोंडानं हेच केलं, हळू घ्या, पुढं बघा, तर तुमच्या कपाळाला आठी; आणि हिनं टिंग म्हटलं की लगेच ऐकता. हे हसले. म्हणाले, ही बोलत नाही ना, नुसती टिंगते. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी शोरूमचा मॅनेजर शिकवायला म्हणून बेलापूरपर्यंत बरोबर आला होता. गोरापान, इनशर्ट केलेला, बोलण्यात साखर. तो ह्यांच्या शेजारी बसला म्हणून मी मागं. मोरी आली. हे सवयीनं म्हणाले, धर गं, आणि मी मागून उठायला लागले तर तो मॅनेजर म्हणाला, "काकू, तुम्ही आता आरामात बसा. साहेब, बिनधास्त हात जोडा. गाडी धरते." आणि ह्यांनी हात जोडले. गाडीनं खरंच धरलं. स्टिअरिंग आपलं आपण बारीक बारीक हलत होतं, ते मी मागून बघितलं. मॅनेजर हसला, हे हसले, मीही हसले. पण पदराखाली माझ्या हाताची उगाच मूठ वळली होती. त्या दिवसापासून मी मागंच बसायला लागले. माझ्या कमरेचं दुखणं होतं, मागं पाय पसरता येत होते, हे निमित्त. मागच्या सीटवर आडवं पडलं की पुढच्या सीटची नुसती पाठ दिसते. मोरी कधी यायची आणि कधी जायची, मला कळायचंही नाही. धर गं म्हणणं बंद झालं. का म्हणतील? धरणारी आली होती.

म्हणूनच तर इतके दिवस माझ्या लक्षात आलं नाही. तो नमस्कार माझ्या लेखी माझ्या हाताबरोबर संपला होता. माझा हात नाही तर नमस्कारही नाही, असं मी मनाशी धरून चालले होते. किती आढ्यता बघा माणसाची! अपघाताच्या दिवशी मी गाडीत नव्हते. कमर धरली होती, हे म्हणाले, तू पड, मी उसाच्या तोडीचं बघून उद्या येतो. जाताना चहा अर्धा ठेवला, त्यावरून मी कुरकुरले. तोडीचे दिवस म्हणजे त्या रस्त्याला ट्रॉल्यांची रांग. दोन दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, वरून ऊस भरलेला, मागून वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, लोंबतंय, त्यात दिवा असला तरी दिसायचा नाही. आमच्या वकीलबाई म्हणाल्या होत्या, गाडीला माणूस ओळखता येतो, ट्रक ओळखता येतो, पण वाढं लोंबणारी उसाची ट्रॉली म्हणजे काय हे तिला कुणी दाखवलेलंच नसावं. ऐका! नगर जिल्ह्यात गाडी विकायची आणि तिला उसाची ट्रॉली ओळखता येऊ नये. आमच्याकडं रांगतं पोर ट्रॉली ओळखतं. अपघाताची जागा मोरीजवळचीच, पण मोरीच्या अलीकडं की पलीकडं हे मी कुणाला कधी विचारलं नाही. मी त्या रस्त्याला परत गेलेच नाही. शेतीचं दीर बघतात.

कचेरीच्या पायऱ्यांशी आदिनाथ उभा होता, सकाळीच पुण्याहून आलेला, दाढी वाढलेली. वरच्या व्हरांड्यात वकीलबाई होत्या, प्रार्थना उबाळे. चर्चच्या आवारातल्या शाळेत ह्यांच्या हाताखाली चित्रकला शिकलेली मुलगी, म्हणून तर केस घेतली. तिला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं, म्हसोबा, दोन्ही हात, मॅनेजर. ती ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, आम्ही प्रार्थनेला डोळे मिटतो. सर मिटायचे का? मी म्हणाले, नाही गं, डोळे उघडे, देव दिसायला नको का. तिनं मान हलवली. मग म्हणाली, "काकू, हात सोडायची सवय होती असं तुमच्या तोंडून आलं की त्यांचं काम झालं. तुम्ही त्या दिवशी गाडीत नव्हता. माहीत नाही म्हणा. ते खोटंही नाही." मी विचारलं, आणि त्या मॅनेजरचं? ती म्हणाली, ते तक्रारीत कुठंच नाही, आता सांगितलं तर बनवलेलं वाटेल. शिवाय तो नोकरी सोडून गेला असेल तर कुठं शोधायचा. मग मी विचारलं, माहीत नाही म्हटल्यावर काय लिहितील, हे झोपले होते असंच ना? माझा हात हातात घेतला तिनं. पोरगी गुणाची आहे.

बाकावर बसून राहिले. आत दुसऱ्या कुणाची तरी फ्रिजची केस चालली होती. मला एकाएकी इतकी ह्यांची आठवण आली की बसवेना. माणसाची आठवण येते म्हणजे काय येतं? माझ्यापुरते हात येतात. नखांत रंग अडकलेले, बोटांच्या पेरांवर काळे केस, मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा. भाकरी मोडताना आधी चार भाग करणारे. आदिनाथ झाला तेव्हा त्याला असा धरला होता की जणू चित्राचा ओला कागद. मला त्या हातांनी कुरवाळलं कमी, पण रात्री झोपेत माझं मनगट धरून ठेवायचे, मी सोडवायची, परत धरायचे. आता मनगट मोकळं असतं आणि मला झोप लागत नाही. आणि ह्या मोठ्या कचेरीत, ह्या सगळ्या शिकलेल्या लोकांत, प्रश्न एवढाच होता की ते हात त्या घटकेला कुठं होते. मला ठाऊक होतं कुठं होते. सगळ्या जगात मला एकटीलाच ठाऊक होतं. माहीत नाही म्हटलं तर आदिनाथची केस उभी राहील, आणि हे कायमचे झोपलेले राहतील, सरकारी कागदावर, मांडीवर मोबाईल घेऊन. सांगितलं तर केस पडेल. आदिनाथकडं बघितलं. तो खाली मान घालून बुटाच्या टोकानं फरशी घासत होता, लहानपणी करायचा तसंच. त्याला पैशाची पडलेली नाही. कंपनी दोषी ठरली नाही तर दोषी कोण, हे त्याला रात्रंदिवस खातंय. गाडी त्यानं घेऊन दिली होती.

नाव पुकारलं. मी उभी राहिले. शपथ दिली, नवऱ्याचं नाव विचारलं. आयुष्यात उखाण्याशिवाय नाव घेतलं नाही मी. गोरक्षनाथ, मी म्हणाले. कंपनीचे वकील पुण्याचे, वयस्कर, सभ्य माणूस; आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, पाणी हवं का विचारलं. मग गाडी कधी घेतली, कुठली खेप, डोळ्यांचा नंबर, रात्रीची झोप, साखर-रक्तदाब, असं हळूहळू विचारत आले. मी नीट उत्तरं दिली. रक्तदाब नव्हता. साखर नव्हती. दिवसा डुलकी काढायचे, पण गाडीत कधी नाही. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं की तुमचे पती गाडी चालवताना स्टिअरिंगवरून हात काढायचे का. प्रार्थनानं माझ्याकडं बघितलं. पंखा फिरत होता, टाइप करणाऱ्या बाईंची बोटं थांबली होती. माझ्या तोंडात 'माहीत नाही' तयार होतं, जिभेवर आलं होतं. आणि सासूबाई आठवल्या. एक हात दाखवायचा नाही. ह्यांनी जन्मभर जे दोन्ही हातांनी केलं, ते मी आता एका हातानं झाकणार होते.

"काढायचे," मी म्हणाले. "मोरीच्या म्हसोबाला नमस्कार करताना. दोन्ही."

मागं आदिनाथची खुर्ची वाजली. वकिलांनी माझ्याकडं जरा दयेनंच बघितलं. म्हणाले, म्हणजे चालत्या गाडीत हात सोडायची सवय होती त्यांना. मी म्हणाले, सवय सुपारीची असते, हा नमस्कार होता. मग ते पुढं झाले आणि विचारलं, त्या वेळी स्टिअरिंग कोण धरायचं. मी म्हणाले, मी. स्कूटर होती तेव्हापासून मीच. अपघाताच्या दिवशी तुम्ही गाडीत होता का? नव्हते. त्यांनी वळून अध्यक्षांकडं बघितलं, मग परत माझ्याकडं.

"मग त्या दिवशी स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं?"

"तुमच्या," मी म्हणाले.

मला मोठ्यानं बोलायचं नव्हतं, पण खोली शांत होती म्हणून मोठं ऐकू आलं. मग मी सगळं सांगितलं. गाडी घेतली तो दिवस, मॅनेजर पुढं, मी मागं, ह्यांनी मला धर म्हटलं ते, आणि तो काय म्हणाला ते, शब्दाला शब्द. वकील उठले, हे तक्रारीत नाही, शपथपत्रात नाही, म्हणाले. प्रार्थना उठली, प्रश्न तुम्हीच विचारला, म्हणाली. अध्यक्षांनी दोघांना बसवलं आणि टाइप करणाऱ्या बाईंना म्हणाले, बाई जे सांगतायत ते जसंच्या तसं घ्या. मी म्हणाले, साहेब, ह्यांनी हात सोडले, हे मी नाकारत नाही. पण ह्यांनी कधी कुणी धरलं असल्याशिवाय हात सोडले नाहीत. धरलंय असं ऐकल्याशिवाय सोडायचेच नाहीत. तुम्ही धरलं म्हणालात. माझी जागा तुम्ही घेतलीत. मग नीट धरायचं होतं.

वकिलांनी आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं. मला बसायला सांगितलं. मी बसले नाही. मला एक विचारायचं होतं. अध्यक्ष म्हणाले, इथं साक्षीदारानं प्रश्न विचारायचे नसतात. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, विचारा. कंपनीचा एक इंजिनिअर वकिलांच्या मागं बसला होता, तरुण, मांडीवर लॅपटॉप. मी त्याला म्हणाले, बाबा, तुमच्या गाडीनं ह्यांचे हात कधी सुटले ते लिहून ठेवलं, वेग लिहून ठेवला, सगळं लिहून ठेवलं. त्या वेळी हे काही बोलले का, ते आहे का त्यात? एखादा शब्द? त्यानं वकिलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. उभा राहिला. "नाही आई," तो म्हणाला, "आवाज नसतो त्यात." मी बरं म्हणाले आणि बसले. खरं तर केसमध्ये मला एवढंच हवं होतं. मी नसताना, सवयीनं, रिकाम्या सीटकडं बघून हे धर गं म्हणाले होते की नाही. म्हणाले असतील तर कुणी धरलं म्हणालं नाही म्हणून थांबले असतील का, का त्या मेलीनं टिंग केलं आणि ह्यांना वाटलं, धरलं. हे आता कधीच कळायचं नाही. जगात ज्याचं उत्तर फक्त एका माणसाकडं असतं असा प्रश्न त्या माणसामागं उरणं, ह्यासारखं वाईट काही नाही.

पुढची तारीख मिळाली. खाली आल्यावर प्रार्थना म्हणाली, काकू, आता काहीही होऊ शकतं, कदाचित हरू, कदाचित ह्याच्यावरच जिंकू. त्या मॅनेजरला शोधायला हवं. ती दमलेली दिसत होती आणि जरा खूशही. आदिनाथनं पुण्याहून आणलेल्या गाडीशी आम्ही आलो. मी मागचं दार उघडायला गेले, मग बंद केलं आणि पुढं बसले, डाव्या सीटवर. त्यानं चावी लावली नाही. "गाडी मी घेऊन दिली, आई," एवढंच म्हणाला. मी म्हणाले, हो रे, आणि ते लई खूश होते. ते खरं होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून स्टिअरिंग आपलं आपण कसं हलतं ते दाखवायचे, पोरानं जादूचा खेळ दाखवावा तसं. मग तो रडला, ढसाढसा, रस्त्यावरच्या लोकांदेखत. मी रडू दिलं. वर्षभर तो माझ्यासमोर रडला नव्हता, केसचे कागदच दाखवत होता. सावरल्यावर त्यानं विचारलं, घरी ना? मी म्हणाले, बेलापूरला चल.

विळदचा घाट उतरलो, राहुरी गेली, फॅक्टरीवरून वळलो. भर दुपार होती. तोडीचे दिवस होते, ट्रॉल्या होत्या, आणि आता काहींच्या मागं लाल फडकं बांधलेलं होतं. आदिनाथ दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, कुणाला न ओलांडता, बैलगाडीसारखा चालला होता. पाट दिसला तसा माझा उजवा हात उचलला. मी तो मांडीवर दाबून धरला. त्याला म्हणाले, थांबव. त्यानं मोरीच्या अलीकडं कडेला घेतली. उतरले. इतक्या वर्षांत मी इथं कधी उतरले नव्हते. आम्ही कुणीच उतरलो नव्हतो, हा देव आम्ही नेहमी पळताच बघितला होता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून सरकणारा शेंदूर. जवळून बघितला तर केवढासा! नारळाएवढा. दोन चांदीचे डोळे, त्यातला एक निखळून खाली पडलेला. समोर कुणीतरी वाहिलेलं लिंबू सुकून गेलं होतं. कठड्याचा एक दगड नवा, सिमेंट अजून काळं न पडलेलं, तो कशानं फुटला होता हे मला विचारायची गरज नव्हती. पडलेला डोळा उचलून मी जागेवर दाबला. धरला नाही, परत पडला. आदिनाथ मागं येऊन उभा राहिला होता. म्हणाला, आई, नमस्कार कर ना. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ह्या देवाला मी आजवर एकदाही हात जोडले नव्हते. स्कूटरवर दोन्ही हात हँडलवर असायचे, मारुतीत उजवा स्टिअरिंगवर, आणि नवीत तर मला मोरी दिसायचीच नाही. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, कर की, आता कुनी अडवलंय. कुणीच अडवलं नव्हतं. धरायला काही नव्हतं. उन्हात त्या धोंड्यासमोर मी उभी होते, माझे दोन्ही हात मोकळे होते, आणि ते कुठं ठेवावेत हे मला कळत नव्हतं.